कलम मागू नका, घटना सांगा: अत्याचारग्रस्त पुरुषांसाठी फौजदारी कायद्यातल्या वाटा

पुरुषांच्या तक्रारींबद्दल वाचकांकडून येणारे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबतात: पुरुषासाठी कायदा आहे का? कोणाला घरात बायकोची मारहाण सोसावी लागते. कोणाला मुलीच्या भावांनी रस्त्यात गाठून झोडपलेले असते. कोणाचा वसतिगृहात कपडे उतरवून व्हिडिओ काढलेला असतो, तर कोणी डेटिंग ॲपवरच्या ओळखीतून खोलीवर गेला आणि लुबाडला गेला. प्रकार वेगवेगळे असले तरी ‘तुमच्यासाठी असं कलम नाही’ हे उत्तर बहुतेकांना कुठे ना कुठे ऐकावे लागते.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. ‘पुरुषावरील अत्याचार’ असे शीर्षक असलेले कलम कायद्यात नाही. पण दुखापत, डांबून ठेवणे, खंडणी, गुंगीचे औषध, ॲसिड, खासगी फोटो या प्रत्येकासाठी कलम आहे आणि त्यातले कोणतेही पीडिताचे लिंग विचारत नाही. म्हणून ठाण्यात गेल्यावर कलम मागू नका. घटना अशी सांगा की तिच्यात बसणारे कलम अधिकाऱ्याला टाळता येणार नाही.

आधी नाही ते पाहून घ्या

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. या संहितेतले बलात्काराचे कलम ६३, विनयभंग, लैंगिक छळ, चोरून पाहणे आणि पाठलाग यांची कलमे ७४ ते ७९ आणि सासरच्या क्रूरतेचे कलम ८५ ही सगळी पीडित स्त्री असेल तरच लागतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा यांतही तक्रारदार स्त्रीच असावी लागते.

सर्वांत मोठी पोकळी प्रौढ पुरुषावरच्या लैंगिक अत्याचाराबाबत आहे. जुन्या संहितेत कलम ३७७ होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले, पण जबरदस्तीला ते लागू राहिले होते. नव्या संहितेत हे कलमच आले नाही. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने जबरदस्तीपुरते ते ठेवण्याची शिफारस केली होती, ती मान्य झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा नवा गुन्हा निर्माण करणे हे संसदेचे काम असल्याचे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. ही चूक संसदेनेच दुरुस्त करायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण तोवर तुमची तक्रार थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

कलम ठरवणारे तपशील

तक्रार लिहायला बसण्यापूर्वी पुढच्या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवा. कोणते कलम लागेल हे यांवरच ठरते.

- घटनेच्या वेळी वय किती होते? १८ च्या आत असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा लागतो आणि चित्रच बदलते.
- घटना कधीची? ३० जून २०२४ किंवा त्याआधीची असेल तर जुनी दंड संहिता लागते, कलम ३७७ सह. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागू होतो, तक्रारीच्या दिवशीचा नाही. ठाण्यात हा मुद्दा अनेकदा सुटतो. तुम्ही तो अर्जात लिहा.
- हाड मोडले का, दात पडला का? तसे असेल, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या वा रोजची कामे करता आली नाहीत, तर ती ‘जबर दुखापत’ ठरते (न्याय संहितेचे कलम ११६ व ११७). जुन्या कायद्यात हा कालावधी वीस दिवसांचा होता.
- कशाने मारले? सुरी, तापलेला तवा, उकळते तेल, विस्तव, विष: यांपैकी काहीही असेल तर कलम ११८. नुसते ‘मारहाण केली’ लिहिले तर हे कलम हातचे जाते.
- ॲसिड होते का? कलम १२४ खाली किमान दहा वर्षे शिक्षा आहे. फेकण्याचा नुसता प्रयत्न केला तरी किमान पाच वर्षे.
- पेयात काही मिसळले होते का? कलम १२३, दहा वर्षांपर्यंत शिक्षा.
- कोंडून ठेवले किंवा वाट अडवली का? कलम १२७ आणि १२६.
- पैसे मागितले का? धमकी देऊन पैसे किंवा वस्तू घेतली तर खंडणी, कलम ३०८.
- किती जण होते? पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, लिंग, भाषा किंवा अशाच कारणावरून जबर दुखापत केली तर कलम ११७ (४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. ‘लिंग’ हा शब्द या कलमात आहे आणि तो पुरुषालाही लागू आहे. बायकी वागतो म्हणून टोळक्याने एखाद्या मुलाचे हाड मोडले, तर या कलमाचा आग्रह धरा.

घरातली मारहाण: ‘एनसी’च्या सापळ्यातून बाहेर कसे पडाल

थपडा, चावे, ओरखडे ही साधी दुखापत, कलम ११५ (२). शिक्षा एक वर्षापर्यंत, पण गुन्हा अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ नोंदवून तुमच्या हातात कागद देतात आणि बहुतेक तक्रारी तिथेच झोपतात. एनसी झाल्यावर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, हे खरे. पण तो आदेश तुम्ही मागू शकता, हे सहसा कोणी सांगत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७४ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याच कलमात असेही आहे की एकाच प्रकरणात एक गुन्हा जरी दखलपात्र असला तरी सगळे प्रकरण दखलपात्र धरायचे. म्हणून थपडांसोबत पोळी लाटायचे लाटणे, तापलेली उलथणी किंवा काचेचा तुकडा वापरला असेल तर ते तक्रारीच्या पहिल्या चार ओळींतच यायला हवे.

दुसरा उपाय बरा आणि कमी वापरला जाणारा: चॅप्टर केस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, शांतताभंगाची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी समोरच्या व्यक्तीकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र घेऊ शकतात. ती व्यक्ती स्त्री असली तरी घेऊ शकतात. ज्यांना संसार मोडायचा नाही, पण हात उगारणे थांबवायचे आहे, त्यांना खटल्यापेक्षा हा मार्ग परवडतो. दोन-तीन एनसी हाती असतील तर मागणीला वजन येते.

तिसरी वाट तुमच्या आईची. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचार कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले. त्यामुळे प्रतिवादी आता स्त्रीही असू शकते. त्याच घरात राहणाऱ्या सासूला किंवा नणंदेला मारहाण सोसावी लागत असेल, तर ती स्वतःच्या नावाने सुनेविरुद्ध किंवा भावजयीविरुद्ध संरक्षण आदेश मागू शकते. नवऱ्यासाठी म्हणून मात्र तिला तो मागता येत नाही. तिच्यावर काही घडलेच नसताना अर्जात तिचे नाव घुसवू नका. उलटतपासणीत असले अर्ज टिकत नाहीत आणि तुमची खरी तक्रारही संशयात जाते.

तुम्ही तक्रार केल्यावर तुमच्याविरुद्ध तक्रार होईल, ही भीती अनेकांना गप्प बसवते. होऊही शकते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठणकावून सांगितले आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) मध्ये त्या नोटिशीची तरतूद आहे. नोटीस आली तर हजर राहा, टाळू नका. आणि पहिल्याच मारहाणीची नोंद करून ठेवा. आधी आलेला माणूसच खरा, असे कायदा मानत नाही. पण दोन वर्षांपूर्वीचा दवाखान्याचा कागद, वादाच्या दुसऱ्या दिवशी सुचलेल्या कहाणीपेक्षा जास्त बोलतो.

घटस्फोटापुरते एवढेच सांगतो: हिंदू विवाह कायद्यात ‘क्रूरता’ हे कारण पती-पत्नी दोघांनाही उपलब्ध आहे. जोडीदाराच्या नकळत केलेले संभाषणाचे रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर

*मुलगा १८ च्या आतला असेल.* पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. अत्याचार करणारी व्यक्ती स्त्रीही असू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. शाळा, क्लास, वसतिगृह, आखाडा यांच्या प्रमुखाने बदनामीच्या भीतीने प्रकरण दाबले तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, घेणाऱ्याच्या अंगावर गणवेश नको आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. त्याचे नाव छापता येत नाही. तो मुलगा आज तीस वर्षांचा असला तरी लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार करू शकतो. मात्र हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला, त्याआधीच्या घटनेला जुनी दंड संहिता लागेल.

*पीडित प्रौढ असेल.* घटना १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर वरच्या यादीतली कलमे एकत्र बांधावी लागतात: दुखापत, कोंडणे, गुंगीचे औषध, धमकी, घरात घुसणे. यात एक कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नव्या संहितेच्या कलम १४० (४) मध्ये, एखाद्याला ‘अनैसर्गिक वासनेला’ बळी पाडण्यासाठी पळवून नेणे हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा म्हणून कायम आहे. बळाने किंवा फसवून एका जागेवरून दुसरीकडे नेले असेल, तर ‘मला कसे, कुठून, कुठे नेले’ हे बारकाईने सांगा.

गंमत अशी की कलम ३८ मध्येही हे शब्द शाबूत आहेत. अशा हल्ल्यापासून स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी तो खासगी बचावाचा हक्क ठरू शकतो. म्हणजे बचाव करण्याइतका हल्ला गंभीर, पण झाल्यावर त्याला स्वतंत्र गुन्ह्याचे नाव नाही!

तुम्ही पोलिसांत जाणार असाल वा नसाल, दवाखान्यात मात्र लगेच जा:

- एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितके बरे. शासकीय रुग्णालयात विचारा.
- तपासणीपूर्वी शक्यतो अंघोळ करू नका. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात.
- ‘आधी पोलिसांची यादी आणा’ असे सांगून तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगितले आहे.
- पडलो, घसरलो असे लाजेने सांगू नका. केसपेपरवर डॉक्टर पहिल्या दिवशी जे लिहितो, त्यावरच बचाव पक्षाचा वकील बोट ठेवतो.

महाविद्यालयातला प्रकार असेल तर रॅगिंगच्या तरतुदी विसरू नका. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे, राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम विद्यार्थी मुलांवरचा लैंगिक छळही विचारात घेतात. नोकरीत असाल तर कंपनीच्या सेवानियमांत छळाची व्याख्या कशी आहे ते पाहा. काही कंपन्यांनी ती स्त्री-पुरुष दोघांसाठी केलेली असते.

प्रेमप्रकरण, जात आणि मुलीचे नातेवाईक

आंतरजातीय प्रेमात मार बहुतेक वेळा मुलाच्या वाट्याला येतो. तो अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि मारणारे त्या वर्गातले नसतील, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. बळाने कपडे उतरवणे, मुंडण करणे, मिशी काढणे, तोंडाला काळे फासणे हे या कायद्यात नावानिशी गुन्हे आहेत (कलम ३). अटकपूर्व जामिनाला त्यात मुळातच बंदी आहे. तक्रारीत दोन्ही बाजूंच्या जातींचा उल्लेख करा आणि जातीचा दाखला जोडा.

लग्न करायचे ठरले असेल आणि धोका दिसत असेल, तर मार खाण्याची वाट पाहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याचे निर्देश दिले आहेत. पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना दोघांच्या सहीचा अर्ज द्या, त्यात धमकावणाऱ्यांची नावे लिहा. जात पंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकले तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ वेगळा लागतो.

फोटो, व्हिडिओ आणि ब्लॅकमेल

संमतीशिवाय कोणाच्याही खासगी अवयवांचे चित्र काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे. लैंगिक कृतीचा व्हिडिओ पसरवला तर कलम ६७ अ. तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.

1. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते.
2. चॅट, नंबर, यूपीआय आयडी, प्रोफाइलचा दुवा जपून ठेवा. रागाच्या भरात खाते डिलीट केले की पुरावाही जातो.
3. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.
4. ज्या मंचावर फोटो आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. नग्न चित्र काढून टाकण्यासाठी पीडिताची स्वतःची तक्रार पुरते, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही.

समलिंगी पुरुषांना ‘पोलिसांना सांगेन’ ही धमकी आजही दिली जाते. प्रौढांमधले संमतीचे संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत. तुमच्याविरुद्ध सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नाही, आणि पैसे घेतल्याबद्दल त्याच्यावर मात्र खंडणीचा गुन्हा होतो.

पोलीस ठाण्यात

तक्रार घरून लिहून न्या, दोन प्रतींत. तारीख, वेळ, जागा, कोणी, कशाने, कुठे लागले, कोणी पाहिले. ‘पुरुषांवर फार अन्याय होतो’, ‘कायद्यांचा गैरवापर चालला आहे’ अशी वाक्ये काढून टाका. ती वाचून अधिकारी तुम्हाला तक्रारदाराऐवजी वाद घालायला आलेला माणूस समजू लागतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्या.

हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर झिरो एफआयआरची मागणी करा. ऑनलाइन किंवा ईमेलने दिलेली माहितीही चालते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मोबाइलमधला पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन विकू नका, बदलू नका.

दखलपात्र गुन्हा दिसत असूनही नोंद नाकारली तर पायऱ्या अशा: पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना लेखी अर्ज; तिथे काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ (३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज, किंवा थेट कलम २२३ खाली खासगी फिर्याद. आधीच्या अर्जांच्या पोहोची जोडल्या नाहीत तर अर्ज तिथेच अडकतो.

नाव गुप्त राहील का, हा प्रश्न वाजवी आहे. प्रौढ पुरुषाला आपोआप नाव गुप्त ठेवण्याचे संरक्षण नाही. सुनावणी बंद दाराआड घ्यावी, असा अर्ज मात्र न्यायाधीशांकडे करता येतो. साक्षीदार म्हणून धोका असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली संरक्षणही मागता येते.

वकील, पैसे, मदत

मोफत वकील अनुसूचित जाती-जमातीच्या, अपंग आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतल्या पुरुषांनाही मिळतो, मुलांना तर मिळतोच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच होतो. ॲसिड हल्ल्यात किमान तीन लाख रुपयांचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पुरुषालाही लागू आहे, आणि प्रथमोपचार खासगी रुग्णालयानेही विनामूल्य द्यायचे असतात. तातडीला ११२, लहान मुलासाठी १०९८, मन खचले असेल तर टेलिमानस १४४१६.

शेवटी मुदतीबद्दल. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, म्हणजे घरगुती थपडांच्या बहुतेक प्रकरणांत, तक्रार एका वर्षाच्या आत दाखल झाली नाही तर न्यायालय सहसा दखल घेत नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत तीन वर्षांची आहे. कपाटात जुनी एनसी पडून असेल तर तिच्यावरची तारीख आजच पाहा.